उपमा कोणाची? कथेतील माणसाचा स्वभाव वाचण्याची एक रीत

लघुकथेचे रसग्रहण लिहिताना एक वाक्य हमखास येते : ‘लेखकाने उपमा, प्रतिमा आणि प्रतीके यांचा प्रभावी वापर करून नायकाचे व्यक्तिचित्र जिवंत केले आहे.’ या वाक्यात व्याकरणाची चूक नाही आणि ते खोटेही नाही. अडचण अशी की कथा न वाचताही ते लिहिता येते. उपमा कोणती, ती कोणत्या प्रसंगी आली, आणि तिच्यामुळे त्या माणसाविषयी आपल्याला असे काय कळले जे एरवी कळले नसते, यांपैकी एकाही प्रश्नाला ते उत्तर देत नाही. ही उत्तरे शोधण्याची एक रीत येथे मांडली आहे. ती मुख्यतः कथेचा अभ्यास करणाऱ्यांसाठी आहे, परंतु कथा लिहिणाऱ्यांना ती उलट्या दिशेनेही वापरता येईल.

या रीतीचा गाभा एकाच प्रश्नात आहे : ‘हे शब्द कोणाचे?’ कथेतील प्रत्येक उपमेला, विशेषणाला आणि टिपलेल्या तपशिलाला एक मालक असतो. कधी तो निवेदक असतो, कधी पात्र असते, आणि पुष्कळदा असे होते की बाहेरून निवेदकाचे वाटणारे शब्द आतून पात्राचे असतात. मालक कोण हे ठरेपर्यंत ती उपमा केवळ शैलीचा नमुना असते. मालक ठरला की ती त्या माणसाच्या स्वभावाविषयी बोलू लागते.

भाव आणि स्वभाव

वाचनाला सुरुवात करण्यापूर्वी एक भेद मनाशी पक्का करून घ्यावा, कारण रसग्रहणातील निम्म्या चुका तो न केल्यामुळे होतात. भाव म्हणजे त्या क्षणी माणसाला जे वाटते ते. स्वभाव म्हणजे अनेक भाव येऊन गेल्यावरही जे टिकून राहते ते. आपल्या काव्यशास्त्राने भावाचा विचार फार बारकाईने केला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात अनुभाव म्हणजे आतला भाव प्रेक्षकापर्यंत पोहोचवणारी बाह्य चिन्हे मानली आहेत, आणि स्तंभ (थिजणे), स्वेद (घाम), रोमांच, स्वरभेद, वेपथू (कंप), वैवर्ण्य (चेहऱ्याचा रंग उडणे), अश्रू व प्रलय (शुद्ध हरपणे) असे आठ सात्त्विक भाव, म्हणजे शरीरावर आपोआप उमटणाऱ्या खुणा, तेथे मोजून दाखवले आहेत. नवव्या शतकातील आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त वाच्यार्थापलीकडे सूचित होणाऱ्या अर्थाला काव्याचा आत्मा म्हटले. लघुकथेचा वाचक या दोन्ही कल्पना आजही वापरतो : पात्राचा आवाज कापला की भीती ओळखतो, आणि पात्र जे बोलले नाही तेही ऐकतो.

परंतु कापलेला आवाज हा भावाचा पुरावा आहे, स्वभावाचा नव्हे. एका प्रसंगात रडलेल्या माणसाला हळवा म्हणणे म्हणजे एका साक्षीवर निकाल देणे होय. म्हणून मी स्वतः एक नियम पाळतो : स्वभावाविषयीचे कोणतेही विधान करण्यापूर्वी कथेतील किमान दोन वेगळ्या जागा शोधायच्या, आणि शक्यतो त्या दोन जागी साधनेही वेगळी असावीत. संवादात दिसलेली गोष्ट उपमेतही दिसली, किंवा कृतीत दिसलेली गोष्ट वाक्याच्या लयीत दिसली, तर आपण योग्य वाटेवर आहोत असे समजावे.

यालाच जोडून ॲरिस्टॉटलचे एक म्हणणे उपयोगी पडते. ‘पोएटिक्स’मध्ये तो म्हणतो की माणूस काय निवडतो आणि काय टाळतो यातून त्याचे शील प्रकट होते, ज्या बोलण्यात निवड नाही त्यात शीलही दिसत नाही. कथेतील पावसात सगळेच भिजतात. त्या पावसात छत्री कोण उघडतो, ती कोणाच्या डोक्यावर धरतो आणि कोण मुद्दाम उघडत नाही, याकडे लक्ष द्यावे.

एका उताऱ्यावर प्रयोग

रीत समजावी म्हणून एक छोटा उतारा रचून घेतला आहे.

‘शेजारच्या मुलाने शिडी मागितली तेव्हा त्यांनी ती आनंदाने दिली. “सवडीने आणून दे, घाई मुळीच नाही,” ते म्हणाले. मुलगा शिडी खांद्यावर घेऊन कोपऱ्यावर वळेपर्यंत ते फाटकात उभे राहिले. परत फिरल्यावर त्यांची नजर भिंतीकडे गेली. शिडी जिथे टेकलेली असे तिथे दोन फिकट पट्टे उरले होते, पडलेल्या दातांच्या रिकाम्या जागांसारखे. आत जाऊन त्यांनी वहीत तारीख लिहिली. मग घड्याळ पाहून वेळही लिहिली.’

हा माणूस कंजूष आहे, असे पहिल्या वाचनात वाटते. तो निष्कर्ष बाजूला ठेवून शब्दांचे मालक शोधू.

‘आनंदाने’ हा शब्द घ्या. वरकरणी तो निवेदकाचा आहे. पण निवेदक जर खरोखरच तटस्थपणे सांगत असेल, तर पुढची चार वाक्ये त्या शब्दाला खोटे का पाडतात? अधिक पटणारे उत्तर असे की ‘आनंदाने’ हा त्या गृहस्थांचा स्वतःविषयीचा अभिप्राय आहे आणि निवेदकाने तो अवतरणचिन्हांशिवाय, आपल्याच वाक्यात ठेवून दिला आहे. समीक्षेत या पद्धतीला मुक्त अप्रत्यक्ष निवेदन म्हणतात : व्याकरण तृतीयपुरुषी राहते, पण शब्दसंपदा आणि मनाचा कल पात्राचा असतो. ‘त्यांनी ती आनंदाने दिली असे त्यांना वाटले’ असे निवेदकाने लिहिले असते तर दोघांत अंतर पडले असते. ‘असे त्यांना वाटले’ एवढे गाळल्यामुळे पात्राची आत्मप्रतिमा थेट वाचकासमोर येते आणि तिची पारख वाचकालाच करावी लागते. तृतीयपुरुषी निवेदनात प्रशंसेचे किंवा निंदेचे विशेषण आले की थांबावे, आणि हे मत नेमके कोणाचे, हे विचारावे. ‘ती अर्थातच वेळेवर पोहोचली’ या वाक्यातील ‘अर्थातच’ कोणाचे? ‘बिचारा पुन्हा हसला’ यातील ‘बिचारा’ कोणाचा? अशा छोट्या शब्दांत कथेतील सर्वांत खाजगी माहिती दडलेली असते, आणि वाचताना नेमके तेच सहज नजरेआड होतात.

आता उपमा. भिंतीवरच्या फिकट पट्ट्यांची तुलना रिकाम्या चौकटीशी, पुसलेल्या खडूशी किंवा वाळूतल्या चाकोरीशी करता आली असती. येथे ती पडलेल्या दातांशी केली आहे. या तुलनेत वस्तू हरवल्याची भावना आहेच, पण त्याहून जास्त काही आहे : दात हा शरीराचा भाग असतो, तो पुन्हा उगवत नाही, आणि त्याची रिकामी जागा जिभेला सारखी जाणवत राहते. ज्याला शिडी गेल्यावर दात आठवतो, त्याच्या मनात वस्तू आणि स्वतःचे शरीर यांच्यामधली रेषा पुसट झालेली आहे. शिवाय ही उपमा वय सांगते. दात पडण्याची धास्ती असलेल्या माणसाची ती आहे. म्हणजे ज्याला आपण कंजूषपणा म्हणायला निघालो होतो, तिथे झिजत जाण्याची भीती असण्याची शक्यता उभी राहिली. ‘कंजूष’ हा शब्द कृतीवर बसतो, ‘झिजण्याला भिणारा’ हे वर्णन कृती आणि उपमा या दोन्हींवर बसते. म्हणून ते अधिक चांगले वाचन ठरते.

उपमेकडे पाहताना हे तीन भाग वेगळे करून पाहण्याची सवय लावून घ्यावी : कशाची तुलना केली, कशाशी केली, आणि ती तुलना सुचण्यासाठी मन कोणत्या जगात वावरत असले पाहिजे. पहिले दोन भाग, म्हणजे उपमेय आणि उपमान, शाळेतच शिकवले जातात. स्वभाव तिसऱ्यात असतो. हिशेबात बुडालेल्या माणसाला चांदण्या सुट्या नाण्यांसारख्या दिसतात आणि बाळाला झोपवून थकलेल्या आईला त्याच चांदण्या अजून न मिटलेल्या डोळ्यांसारख्या वाटू शकतात. आकाश दोघांचेही एकच असते.

उपमेवरून दोन माणसांचे नाते कसे उघडे पडते याचे एक उदाहरण अर्नेस्ट हेमिंग्वेच्या 1927 मधील ‘हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स’ या कथेत आहे. गाडीची वाट पाहणाऱ्या जोडप्यातील तरुणी दूरच्या टेकड्यांकडे पाहून त्या पांढऱ्या हत्तींसारख्या दिसतात असे म्हणते. पुरुष उत्तरतो की आपण पांढरा हत्ती कधी पाहिलेला नाही. त्यावर ती म्हणते की तू पाहिलाच नसशील. दोघे ज्या शस्त्रक्रियेविषयी बोलत आहेत तिचे नाव कथेत एकदाही येत नाही आणि दोघांच्या स्वभावांवर निवेदक भाष्यही करत नाही. तरीही उपमा करणारी एक आणि उपमेला पुराव्याच्या कसोटीवर घासणारा दुसरा, एवढ्यावरून कळते की एकाला शक्यता दिसतात आणि दुसऱ्याला त्या मिटवून टाकायच्या आहेत. येथे उपमेइतकेच तिला मिळालेले उत्तर महत्त्वाचे आहे, आणि कोणत्याही कथेत कोणी एखादी कल्पना बोलून दाखवली की शेजारचा माणूस ती उचलून धरतो, खोडून काढतो की न ऐकल्यासारखी करतो, हे टिपून ठेवावे.

बोलणे, न बोलणे आणि करणे

आपल्या उताऱ्यातील संवाद एकच वाक्याचा आहे : ‘सवडीने आणून दे, घाई मुळीच नाही.’ घाई नसलेला माणूस ‘मुळीच’ म्हणत नाही. नकाराला दिलेला हा जोर कोणी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. त्यापुढे फाटकात उभे राहणे आणि वहीत वेळ लिहिणे या दोन कृती ठेवल्या की बोलणे व करणे यांत फट दिसू लागते. येथे पुष्कळ विद्यार्थी ‘पात्र ढोंगी आहे’ असे लिहून मोकळे होतात, आणि मला ते घाईचे वाटते. फट दिसली की तिचे कारण शोधावे : हा माणूस दुसऱ्याला फसवतो आहे, स्वतःला फसवतो आहे, की आपल्याला जसे व्हायचे आहे तसे निदान बोलून तरी पाहतो आहे? ‘आनंदाने’ हा शब्द त्याचा स्वतःविषयीचा असेल, तर पहिली शक्यता बाद होते. दुसरी आणि तिसरी यांतून निवड करायला पुढची कथा वाचावी लागेल, आणि तोवर निर्णय थांबवून ठेवणे हेच प्रामाणिक वाचन होय.

संवादात आणखी एक गोष्ट पाहावी. विचारलेल्या प्रश्नाचे सरळ उत्तर कोण देतो, विषय कोण बदलतो, आणि संबोधन कुठे बदलते. मराठीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतील फरक फुकट मिळालेला खजिना आहे. एखादी बाई नवऱ्याशी वाद घालताना अचानक ‘तू’वरून ‘आपण’वर आली, तर तिने सलोखा केला की दार लावून घेतले, हे त्या एका सर्वनामावरून ठरू शकते.

निवेदकावर किती विश्वास ठेवावा

प्रथमपुरुषी कथेत ‘शब्द कोणाचे’ हा प्रश्न सोपा वाटतो, कारण सगळेच शब्द ‘मी’चे असतात. त्यामुळे प्रश्न थोडा बदलून घ्यावा : हा ‘मी’ काय सिद्ध करू पाहतो आहे, आणि त्याचेच शब्द काय सिद्ध करत आहेत? वेन बूथ या समीक्षकाने 1961 साली अशा निवेदकांसाठी ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संज्ञा रूढ केली, परंतु साधन त्याहून पुष्कळ जुने आहे. एडगर ॲलन पो याच्या 1843 मधील ‘द टेल-टेल हार्ट’ या कथेतील निवेदक आरंभीच सांगतो की आपण वेडे नाही, आणि त्याचा पुरावा म्हणून आपण ही हकिकत किती शांतपणे सांगतो आहोत ते पाहा असे म्हणतो. पुढे तो म्हाताऱ्याच्या खोलीत डोके आत घालायला आपल्याला तासभर लागत असे, हे अभिमानाने सांगतो. त्याच्या मते ही सावधगिरी शहाणपणाची खूण आहे. वाचकाला तीच खूण उलट दिशेने दिसते. म्हाताऱ्याच्या डोळ्याला गिधाडाच्या डोळ्याची उपमा देणाराही तोच. त्या उपमेवरून म्हाताऱ्याविषयी आपल्याला जवळपास काहीच कळत नाही. निवेदक जगाकडे भक्ष्य आणि शिकारी या नजरेने पाहतो, एवढे मात्र कळते.

अशी कथा वाचताना समासात दोन खुणा कराव्यात. निवेदक जिथे घटना सांगतो तिथे एक, आणि घटनेचा अर्थ लावून देतो तिथे दुसरी. घटनांवर बहुधा विश्वास ठेवता येतो. दुसरी खूण जिथे दाट होते, त्या परिच्छेदांत तो आपला स्वभाव नकळत उघडा करत असतो. त्याचबरोबर, प्रत्येक ‘मी’ला खोटारडा ठरवण्याचा मोह टाळावा. काही निवेदक लहान मुले असतात आणि त्यांना फक्त कमी माहीत असते.

वस्तू, जागा आणि वाक्याची लय

वस्तूचे प्रतीक केव्हा होते? ती कथेत पुन्हा येते आणि मधल्या काळात तिचा अर्थ सरकलेला असतो, तेव्हा. कॅथरीन मॅन्सफील्डच्या 1920 मधील ‘मिस ब्रिल’ या कथेत एकटी राहणारी एक बाई आरंभी प्राण्याच्या केसाळ कातड्याचा, त्याचे डोळेही तसेच असलेला जुना गळपट्टा पेटीतून काढते, झटकते, त्याच्या मंद डोळ्यांत पुन्हा चमक आणते आणि त्याला लाडाने बोलावते. बागेत एक तरुण जोडपे तिची आणि तिच्या गळपट्ट्याची थट्टा करताना तिच्या कानांवर पडते. घरी येऊन ती तो गळपट्टा न पाहताच पेटीत ठेवते, आणि झाकण लावताना काहीतरी रडल्यासारखे तिला ऐकू येते. रडते कोण, हे मॅन्सफील्ड सांगत नाही. स्वतःचे दुःख स्वतःचे म्हणून ओळखण्याची ताकद त्या बाईत नाही, ती ते वस्तूवर सोपवते, हा तिचा स्वभाव दोन्ही प्रसंगांत सारखाच आहे. बदलले आहे ते एवढेच की आरंभी तिने वस्तूवर आनंद सोपवला होता. ‘गळपट्टा हे एकाकीपणाचे प्रतीक आहे’ हे वाक्य येथे अपुरे पडते, कारण त्यात बाई दिसत नाही. प्रतीकाविषयी लिहिताना ‘कशाचे’ यापेक्षा ‘कोणासाठी’ हे आधी लिहावे.

वातावरणाविषयी एवढेच पुरे की खोलीचे वर्णन कोणाच्या नजरेने झाले आहे ते पाहावे, आणि त्या नजरेने काय वगळले याचाही विचार करावा. पात्रांच्या नावांचा अर्थ लावण्यात फारसा वेळ घालवू नये. तो खेळ मोहक आहे, पण त्यातून क्वचितच काही हाती लागते.

लयीकडे मात्र लक्ष द्यावे. ‘आत जाऊन त्यांनी वहीत तारीख लिहिली. मग घड्याळ पाहून वेळही लिहिली.’ ही दोन वाक्ये एकत्र करून ‘तारीख व वेळ लिहिली’ असे म्हणता आले असते. मधला पूर्णविराम एक क्षणाचा संकोच दाखवतो : तारखेवर थांबता येईल असे त्या माणसाला वाटले, आणि मग थांबता आले नाही. ‘वेळही’ मधला ‘ही’ त्या हरण्याची नोंद आहे.

लिहिताना

निरीक्षणे जमल्यावर परिच्छेद लिहायचा तो साधनाच्या नावाने सुरू करू नये. ‘या कथेत उपमा आहे’ या आरंभाने वाक्य साधनाकडे वळते आणि माणूस मागे राहतो. आधी माणसाविषयी एक नेमके, वाद घालता येईल असे विधान करावे. मग मूळ शब्द उद्धृत करावे, शक्यतो तीन-चारच. मग त्या शब्दांच्या जागी दुसरे कोणते येऊ शकले असते ते सांगून आलेल्या शब्दांनी काय साधले ते दाखवावे. पर्यायी शब्द ठेवून पाहणे ही या सगळ्या रीतीतील सर्वांत विश्वासू कसोटी आहे, आणि वर दात, ‘मुळीच’ आणि पूर्णविराम यांच्याबाबत आपण तीच वापरली. पर्याय ठेवल्यावर काहीच बिघडत नसेल, तर त्या साधनावर आपण नको इतका भार टाकत आहोत असे समजून ते सोडून द्यावे.

आपल्या विधानाच्या विरोधात जाणारी एक जागाही त्याच परिच्छेदात घ्यावी. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज कादंबरीकाराने 1927 साली व्यक्तिरेखांचे सपाट आणि गोलाकार असे दोन प्रकार केले आणि गोलाकार व्यक्तिरेखेची कसोटी सांगितली ती अशी की ती आपल्याला पटेल अशा रीतीने चकित करू शकते. म्हणजे विरोधी जागा हा विवेचनातील अडथळा नसून बहुधा कथेचे मर्मस्थान असते. शिडीच्या कथेचा शेवट असा आहे असे समजा :

‘आठ दिवसांनी शिडी परत आली. तिसऱ्या पायरीला नवा खिळा होता. ती पायरी वर्षभर हलत होती. त्यांनी वही काढली, तारीख लिहिली आणि वेळेच्या जागी लिहिले : खिळा त्याने मारला.’

ही तक्रार आहे की आभार? दोन्ही वाचनांना आधार आहे. भावनेचा एकही शब्द न वापरता जबाबदारी नोंदवणारा माणूस आपल्या वस्तूत कोणी हात घातला हे टिपून ठेवतो आहे, असे म्हणता येईल. पण ‘ती पायरी वर्षभर हलत होती’ हे वाक्य कोणाचे ते विचारा. शेजारच्या मुलाला ते माहीत असणे शक्य नाही. ते त्या गृहस्थांचेच आहे. सगळ्याची नोंद ठेवणाऱ्याने एक गोष्ट वर्षभर नोंदवली नव्हती आणि दुरुस्तही केली नव्हती. ज्या वहीत इतरांकडून येणे लिहिले जाई, तिथे आता त्याचे स्वतःचे देणे लिहिले गेले आहे, आणि त्यासाठी वेळेचा रकाना प्रथमच मोकळा केला गेला आहे. मी या दुसऱ्या वाचनाकडे झुकतो, आणि त्याचे शेवटचे कारण शब्दक्रमात आहे. ‘त्याने खिळा मारला’ ही घटनेची साधी नोंद झाली असती. ‘खिळा त्याने मारला’ या क्रमात जोर ‘त्याने’वर पडतो, आणि ‘मी मारला नाही’ हे न लिहिलेले वाक्य त्याच्या शेजारी ऐकू येते.